आमेन परत घ्या

शेखरनं वचनाच्या डब्याचा पार पोपटवाला ज्योतिषी करून टाकला होता, आणि माणिकबाईला पोराचं हे वागणं बिलकुल पटत नव्हतं.

डबा पिवळ्या प्लास्टिकचा, पावासारखा दिसणारा. आत रंगीत कागदाच्या चिठ्ठ्या, एकेका चिठ्ठीवर शास्त्रातलं, म्हणजे बायबलातलं, एकेक वचन. नाताळात चर्चच्या मंडळीनं घरोघर वाटला होता. सकाळी चहाच्या आधी एक चिठ्ठी काढावी, वाचावी, दिवसभर मनात घोळवावी, एवढंच त्याचं काम. पण शेखरनं त्याला नांगराला जुंपलं. मेथी आज उपटायची की उद्या? काढ चिठ्ठी. गाडीचं मागचं चाक बदलायचं की पंक्चर काढून भागवायचं? काढ चिठ्ठी. पातूरला साडूच्या घरी बारशाला जायचं की नाही? काढली चिठ्ठी, तिच्यात निघालं इस्राएल लोक समुद्रातून कोरड्या पायानं पार गेल्याचं, म्हणून हा गेला. जेवून आला, वर चिवड्याची पुडी बांधून आणली.

"त्यापक्षा एक पोपट आणून ठेव," माणिकबाई म्हणाली. "चोचीनं काढून देत जाईन. तुले हात लावाचंही काम नाही."

"माय, देवाच्या वचनाले हसू नको."

"वचनाले कोण हसते? मी तुले हसून राहिली."

माणिकबाईनं दुसरीतच शाळा सोडली होती. अक्षराला अक्षर जोडून वाचायची, जोडाक्षर आलं की शेजारच्यावर ओरडायची. पण अकोल्यात पातूर रोडच्या कडेला असलेलं भाजीपाल्याचं आणि फुलांचं वावर तिनं नवऱ्याच्या मागं एकटीनं राखलं होतं, आणि ते राखताना तिच्या जिभेला जी धार आली ती पुढं कधी बोथट झाली नाही. बाजारातले दलाल तिला पाहून आधी खरा भाव सांगत, मग नमस्कार करत. चर्चला ते देऊळच म्हणायचे, आणि देवळात तिची जागा ठरलेली: बायकांच्या बाजूला, सतरंजीची पहिली ओळ, खांबाला पाठ टेकून. एकदा एक नवी सून चुकून त्या जागेवर बसली होती. माणिकबाईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. ती सून तेव्हापासून मागच्या दारानं येते.

चिठ्ठ्यांचं हे खूळ हसण्यावारी नेण्यासारखं असतं तर तिनं नेलंही असतं. पण त्या खुळापायी एक पाय जात होता.

शेखरला साखरेचा आजार, बऱ्याच वर्षांचा. आधी पायांची रात्रभर आग व्हायची, ती अलीकडे आपोआप थांबली होती. डिसेंबराच्या थंडीत तो वावरात शेकोटी करून शेकत बसला होता. त्याची बायको करिश्मा भाकर घेऊन आली, तेव्हा तिला लांबूनच रबर जळाल्याचा वास आला. शेखरची चप्पल विस्तवाला लागली होती. चपलेसोबत उजव्या पायाची करंगळीही भाजत होती, आणि हा निवांत तंबाखू मळत बसलेला. त्याला पत्ताच नव्हता.

नाताळाच्या आधी तिघं अमरावतीला गेली. शेखरची पोरगी प्रणाली तिथं राजापेठेत खोली करून राहते, कसल्याशा परीक्षेचे क्लास लावले आहेत तिनं. पोरीनं बापाचा पाय पाहिला, आजीकडे पाहिलं, आणि खालीच क्लासच्या आणि मोबाईलच्या पाट्यांच्या गर्दीत पायाच्या डॉक्टरची पाटी होती, तिथं त्याला हाताला धरून नेलं.

डॉक्टरनं करंगळी दाबून पाहिली. "दुखतं?"

"अजिबात नाही, साहेब," शेखर खुशीत म्हणाला.

"तेच वाईट आहे," डॉक्टर म्हणाला. "पायातलं कळणंच गेलंय. ही करंगळी काढून टाका. आज करंगळीवर भागतंय. पुढं कुठपर्यंत जाईल ते मी सांगू शकत नाही."

"नवीन वर्ष होऊन जाऊ द्या," शेखर म्हणाला. गोळ्यांची पुडी घेतली आणि घरी आला.

नवीन वर्षाच्या उपासनेत त्यांच्या मंडळीची एक जुनी रीत आहे. पाळकसाहेब परात घेऊन ओळीओळीतून फिरतात. परातीत वचनांचे कागद उपडे ठेवलेले. ज्यानं त्यानं एक उचलायचा, आणि जे निघेल ते त्याचं वर्षाचं वचन. कोणाला मेंढपाळाचं निघतं, कोणाला भाकरीचं. शेखरनं उचललं, वाचलं, आणि जागच्या जागी त्याचे डोळे भरून आले. त्याच्या कागदावर होतं, की देव आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल, ते तुला हातांवर झेलतील, तुझ्या पायाला दगडाची ठेच लागू देणार नाहीत.

पायाला! एवढ्या मोठ्या परातीतून, एवढ्या माणसांतून, पायाचं वचन पायवाल्याच्याच हाती यावं? माणिकबाईच्या अंगावरही तेव्हा काटा आला होता. उगीच नाही कशाला म्हणायचं.

इथपर्यंतही ठीक होतं. पुढं जे झालं ते मात्र फक्त देवळात जाणाराच माणूस करू जाणे. मंडळीत साक्ष द्यायची पद्धत आहे. देवानं आपल्यासाठी काही केलं, की उपासनेत उभं राहायचं, काय झालं ते चार माणसांत सांगायचं, सगळ्यांनी आमेन म्हणायचं. झाल्यावर सांगायचं, अशी पद्धत. शेखरनं होण्याच्या आधीच सांगितलं.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी तो उठला. देवळात तो पुस्तकी बोलायचा. "डॉक्टर म्हणतात कापा. माझ्या देवानं मला वचन दिलं आहे. मी विश्वासानं सांगतो, माझा पाय बरा झाला आहे. वेदना गेल्या आहेत."

बरा होईल असं तो म्हणालाच नाही. झाला आहे म्हणाला. लोकांनी आमेन म्हटलं. पलीकडची मनकर्णाबाई पदर डोळ्याला लावून रडली. खांबाला टेकलेल्या माणिकबाईनंही म्हटलं, आणि खरं सांगायचं तर सगळ्या देवळात तिचंच आमेन मोठं होतं.

त्या दिवसापासून शेखरचे दिवस पालटले. आतापर्यंत मंडळीत तो 'मेथीवाला शेखर' होता. सणाच्या जेवणाला कोथिंबीर पाहिजे असली की आठवायचा. आता लोक 'शेखरभाऊ' म्हणू लागले. कोणाचं लेकरू आजारी पडलं की प्रार्थनेला बोलावू लागले. मोबाईलवरच्या मंडळीच्या ग्रुपमध्ये त्याच्या साक्षीखाली जोडलेल्या हातांच्या रांगा लागल्या. दुसऱ्या रविवारी कोणीतरी त्याच्यासाठी पुढं खुर्चीही टाकली.

"तुह्या पोरावर देवाचा हात हाय वं माणिक," मनकर्णाबाई म्हणाली.

"आमच्या घरावर पहिल्यापासूनच हाय," माणिकबाई म्हणाली. "तुमाले आता दिसला."

मग वास येऊ लागला.

एका सकाळी माणिकबाई मोरीपाशी गेली तेव्हा तिच्या नाकाला तो लागला. सारा जन्म भाजीत गेलेली बाई. पोत्याच्या तळाशी एक फुलगोबी सडली तर ती पोतं न उघडता सांगायची. करिश्मा पाठ फिरवून काहीतरी खसाखसा धूत होती.

"काय वं, हा वास कायचा?"

"पायमोजे धुऊन राहिली, आई."

"पायमोज्याले सडक्या गोबीवानी वास नाही येत."

करिश्मानं मोजा बादलीत दाबला आणि तशीच उकिडवी बसून रडू लागली. "करंगळी काळी पडली, आई. बाजूचं बोटही काळं पडून राहिलं. मी म्हटलं डॉक्टरले दाखवू, तं म्हणतात इस्वास कमी पडते तुह्या. म्हटलं, आईले तरी सांगते. तं म्हणाले, मायले सांगू नको, माय आमेन म्हणाली हाय."

 

पहिलं काम माणिकबाईनं हे केलं, की वचनाचा डबा उचलला आणि ज्वारीच्या कोठीत खोल खुपसून ठेवला. तिला वाटलं, चिठ्ठी नाही म्हणजे खूळ नाही. शेखरनं दिवसभर डबा शोधला. संध्याकाळी त्यानं मोठं शास्त्र मांडीवर घेतलं, डोळे मिटले, मध्येच उघडलं आणि बोट ठेवलं. बोट पडलं वंशावळीवर. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला, पानभर तेच. माणिकबाईला हसू आवरेना. शेखरनं थोडा वेळ विचार केला आणि त्यातूनही काढलंच.

"देव म्हणते, माही पिढी चालन. म्हणजे मले काही होत नाही."

तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की डबा लपवून काही उपयोग नाही. याला जे ऐकायचं आहे ते हा बाजारभावाच्या पाटीतूनही ऐकेल.

शनिवारी संध्याकाळी तिघं ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती. शेखर पाय लांब करून बसला होता, पायात मोजा.  आणि जुडीला सुतळी आवळता आवळता माणिकबाईला नवऱ्याची आठवण आली. शालिकराम. मिशनच्या आवारात ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात येशूच्या परीक्षेचं नाटक व्हायचं, आणि त्यात सैतान व्हायला कोणी तयार नसायचं. शालिकराम व्हायचा. अंगाला कोळसा फासून पाण्याच्या टाकीवर उभा राहायचा. टाकी म्हणजे मंदिराचं शिखर. भेंडीच्या ओळीतून पाणी देताना तो आपलं बोलणं घोकायचा, इतक्या मोठ्यानं, की बैल चरायचं सोडून त्याच्याकडे पाहत राहायचे. घोकायचा काय, तर तू देवाचा पुत्र असशील तर इथून उडी टाक...

सुतळी तिच्या हातातच राहिली.

"शेखर," ती म्हणाली, "तुह्या बाप सैतान व्हायचा, आठवते?"

"आता हे कुठून काढलं?"

"टाकीवर उभा राहून येशूले काय म्हणायचा?"

"उडी मार म्हणायचा."

"अन् काऊन मार म्हणायचा?"

शेखर जुडी बांधत राहिला. त्यालाही आठवलं असावं. त्याचा हात हळू झाला.

"देवदूत झेलतीन, पायाले ठेच लागू देणार नाहीत, असं म्हणायचा," माणिकबाईनं त्याच्या वतीनं सांगितलं. "तेच तुह्यं वरसाचं वचन. देवाचंच वचन हाय ते, खोटं नाही. पण सैतानानंही तेच उचललं होतं. मंग येशूनं मारली उडी?"

"नाही."

"नाही मारली. देवाची परीक्षा पाहत नाही म्हणाला, अन् पायऱ्यांनी खाली उतरला."

"पायऱ्यांचं शास्त्रात नाही, माय."

"मंग काय अजून वरच बसून हाय?"

करिश्माला हसू फुटलं आणि तिनं ते मेथीत लपवलं. शेखरचं तोंड मात्र लाल झालं. त्यानं जुडी खाली आपटली.

"तू मले सैतान म्हणून राहिली! सख्खी माय! लोक माह्याकडून प्रार्थना करून घेतात, अन् घरात माह्यी ही किंमत. आता मागं फिरू मी? त्या सगळ्यांसमोर उभं राहून सांगतलं मी, बरा झाला म्हणून. उद्या बोट कापून लंगडत गेलो, तं काय तोंड दाखवू? म्हणतीन शेखर अविश्वासी निघाला. देवाचं नाव खराब करू?"

तो उठला आणि आत गेला. लंगडत गेला, पण त्याला ते माहीत नव्हतं.

माणिकबाई बसून राहिली. जुड्यांचा ढीग समोर तसाच. वाद ती जिंकली होती. वाद ती नेहमीच जिंकायची. आणि पोराचा पाय जिथं होता तिथंच होता. अडलं होतं ते वचनापाशी नव्हतं. त्याला लाज अडवत होती, आणि ती लाज त्याची एकट्याची नव्हती. त्यानं खुंटा ठोकला, तिनं आमेन म्हणून वरून गाठ मारली. मनकर्णेसमोर तोरा केला. पोराला पुढची खुर्ची मिळाली तर हिनं पाठीचा कणा अजून ताठ करून खांबाला टेकवला. देवानं शहाणपण द्यावं अशी प्रार्थना ती रोज करायची, आणि रोज ते दुसऱ्या कोणाला तरी द्यावं म्हणून करायची: शेखरला दे, करिश्माला दे, त्या नव्या पाळकाला तर भरपूर दे. स्वतःसाठी मागायची गरज तिला कधी वाटली नव्हती. त्या संध्याकाळी तिनं मागितलं. फार लांबड लावली नाही. "मलेही दे थोडं," एवढंच म्हणाली, आणि पदरानं हात पुसले.

आतून करिश्मा फोन घेऊन आली. तिनं प्रणालीला सगळं सांगितलं होतं, आणि पोरीनं धावत जाऊन राजापेठेतल्या डॉक्टरला विचारलं होतं.

"डॉक्टर म्हणतात, इथपर्यंत आणत बसू नका," करिश्मा म्हणाली. "अकोल्यातच न्या. लगेच न्या. बाजूचं बोटही जाईन म्हणतात, पण पाय वाचन."

"त्याले बांधून नेता येत नाही वं. गाठ जिथं मारली तिथंच सोडा लागन." माणिकबाई उठली. "त्याचे दोन कपडे पिशवीत भर. अन् त्या कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याले सांग, सकाळी देवळाच्या फाटकापाशी येऊन उभा राहा म्हणा. उशीर केला तं त्याच्या घरी येईन म्हणा."

रविवारी देऊळ भरलं होतं. गीतं झाली. पाळकसाहेब, कोवळा माणूस, नुकताच बदलून आलेला, म्हणाले, "कोणाला साक्ष द्यायची असेल तर..." पुढच्या खुर्चीवर शेखरनं घसा खाकरला.

त्याच्या आधी माणिकबाई उठली.

 एवढ्या वर्षांत ती कधी साक्षीला उभी राहिली नव्हती. मला देवानं काय दिलं ते देवाला माहीत आहे, गावाला कशाला सांगू, असं तिचं म्हणणं.

"मले साक्ष द्यायची नाही," ती म्हणाली. "दिलेली वापस घ्यायची हाय."

"माय," शेखर दबक्या आवाजात म्हणाला. "माय, बस खाली."

"महिना होत आला, माह्या पोरगा इथं उभा राहून म्हणाला, पाय बरा झाला. तो खोटं नाही बोलला. त्याले तसं वाटत होतं. तुमी आमेन म्हटलं. मीही म्हटलं, तुमच्या सगळ्यांपक्षा जोरात म्हटलं, कारण माह्या पोराचं नाव होऊन राहिलं होतं अन् मले ते गोड लागलं. पाय बरा नाही झाला. सडून राहिला. डॉक्टर सांगते आजच्या आज न्या. अन् हा जात नाही. काऊन? तं तुमी आमेन म्हटलं म्हणून." तिनं दम घेतला. खांबाला हात लावला नाही. "म्हणून माह्यं तुमाले सांगणं हाय, की ते आमेन परत घ्या. मी माह्यं घेतलं. तुमी तुमचं घ्या, म्हणजे तो मोकळा होईन."

मागून कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. मनकर्णाबाईचा पदर तोंडावर गेला, आणि आज त्यात रडणं नव्हतं, नुसतं आश्चर्य होतं. आमेन परत कसं घेतात, हे कोणालाच माहीत नव्हतं. पाळकसाहेबांनाही नव्हतं. ते घाम पुसत उभे राहिले. मग म्हणाले, "शेखरभाऊ लंगडताना मी मागच्या रविवारीच पाहिलं होतं. विचारायला पाहिजे होतं. साक्षीनं लोकांना हुरूप आला होता, म्हणून मी गप्प बसलो. मी माझं आमेन परत घेतो."

मनकर्णाबाई खालमानेनं म्हणाली, "मीही घेते." मग इकडून एक, तिकडून एक.

शेखर खुर्चीवरून उठला आणि कोणाकडे न पाहता बाहेर निघून गेला.

दोघी सासू-सुना त्याच्या मागं. तो देवळाच्या पायरीवर बसला होता, तोंड फिरवून. फाटकापाशी रिक्षा उभी होती.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "सगळ्यांसमोर इज्जत काढली माह्यी."

"पाय पाहू दे," माणिकबाई म्हणाली. ती त्याच्यासमोर खाली बसली, त्याची चप्पल काढली, मोजा ओढला. करिश्मानं तोंड दुसरीकडे केलं. माणिकबाईनं नाही केलं.

"पाह, पाह्यजे तेवढा पाह," शेखर रस्त्याकडे बघत बोलत होता. "काळा दिसत असन, पण दुखते काय? पहिले आग व्हायची, जळजळ व्हायची. आता काहीच नाही. एवढं दुखणं एकदम गेलं, ते कोणी नेलं? डॉक्टरनं नेलं? हे जर देवानं नाही केलं तं मंग मले सांग, कोणी केलं? तुमाले दिसत नाही, कारण तुमाले पाहायचंच नाही. मी सांगतो, ज्याच्या पायात हाय त्याले कळते. तुमाले काय कळते?"

माणिकबाईनं खांद्यावरची साडीची पिन काढली होती. काळ्या पडलेल्या दोन बोटांना ती शिवली नाही. त्यांच्या बाजूचं तिसरं, चांगलं दिसणारं बोट तिनं धरलं, आणि पिनेचं टोक त्यात टोचलं. शेखर बोलत होता. तिनं हात काढून घेतला. पिन बोटात उभीच राहिली. शेखर बोलतच होता, की कळतं, ज्याचं त्याला कळतं. करिश्माच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला.

"काय झालं?" शेखर म्हणाला.

"खाली पाह," माणिकबाई म्हणाली.

त्यानं पाहिलं. आधी पिनेकडे, मग आईच्या हाताकडे, पुन्हा पिनेकडे. रक्ताचा एक थेंब फुगत होता. तो त्या बोटाकडे असा पाहत राहिला, जसं ते दुसऱ्या कोणाचं असावं.

"हे तं चांगलं बोट हाय," तो म्हणाला.

"हो. चांगलं होतं."

देवळात पुन्हा गीत सुरू झालं होतं.  करिश्मानं खाली बसून हलकेच पिन काढली, आपल्या रुमालानं बोट बांधलं, आणि उठताना त्याच्या काखेत हात घातला. तो उठला. इतके दिवस ज्याला सांगून सांगून दोघी थकल्या होत्या, तो फाटकापर्यंत तिच्या आधारानं आला, रिक्षात चढला, आणि कोपऱ्यात अंग चोरून बसला. एका बाजूनं करिश्मा पिशवी घेऊन बसली, दुसऱ्या बाजूनं माणिकबाई.

"मोठ्या दवाखान्यात घे," माणिकबाईनं रिक्षावाल्याला सांगितलं. "अन् हळू."

रिक्षा वळली. मोठ्या रस्त्याला लागल्यावर शेखरनं विचारलं, लहानपणी विचारायचा तसं, तिच्या खांद्यापाशी तोंड नेऊन. "माय, मी अविश्वासी ठरलो काय?"

माणिकबाईनं त्याच्याकडे वळून पाहिलं, आणि रिक्षावाल्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.

"अविश्वासी कोण म्हणते तुले? देवावर तुह्या इस्वास हाय, त्यात मी खोट काढत नाही. पण त्याच देवानं तुले डोकं दिलं, डॉक्टर दिला, तुह्यासाठी मोरीत बसून रडणारी बायको दिली, अन् त्यातल्या एकावरही तुह्या इस्वास नाही. हे मूर्खपण हाय, शेखर, दुसरं नाव नाही याले. अविश्वासी असता तं तुह्यासाठी मी गुडघे टेकून बसली असती. मूर्ख हायेस म्हणून रिक्षा बोलावली. आता तो पाय वर घे, माह्या मांडीवर ठेव. रस्त्यात गड्डे हायेत."